मनकर्णाबाईचे कडूकंद

मनकर्णाबाईच्या घरात विकत आणलेली वस्तू शोधायची, तर कोनाडे धुंडाळावे लागत. मीठ सापडे, विळ्या-खुरप्याचं लोखंड सापडे, अंगावरचं लुगडं तर दिसतच असे. बाकी सगळं तिच्या हातचं. शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या ती बांधायची. घायपात सडवून, कुटून, त्याचा वाख काढून मांडीवर दोर वळायची. कपडे रिठ्याच्या पाण्यात, दिव्यात करंजाचं तेल, दात घासायला बाभळीच्या कोळशाची राखुंडी. आमच्या गल्लीतली कुणी राहात्याच्या बाजारातून साबणाची वडी घेऊन आली, की मनकर्णाबाई ओट्यावरूनच विचारायची, "काय गं, द्येवानं हात दिलेत ते नुसते बांगड्या भरायला व्हय?"

बायका हसायच्या, वडी पदराखाली लपवायच्या. पण मोटेचा दोर तुटला, की त्यांचेच नवरे तिच्या दारात उभे राहायचे.

त्या हातांविषयी सांगितलं पाहिजे. घायपाताचा रस दुसऱ्याच्या अंगाला लागला तर दिवसभर खाज सुटते. तिला काही होत नसे. राख, चुना, रस आणि विस्तव यांनी तिचे हात मनगटाच्या वर, पार कोपरापर्यंत, कातडं कमवावं तसे कमावले होते. चुलीतला निखारा ती चिमटीत धरून बाजूला सारायची. गावाला त्या हातांचं कौतुक होतं आणि तिला त्या कौतुकाची सवय झाली होती. पुढं जे घडलं त्यात त्या हातांचाही वाटा आहे.

ती मूळची डांगाणातली. भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, कड्याखाली तिचं माहेर. तिचा बाप हिरडा घेऊन खाली देशावर यायचा, त्यातून सहादेवच्या, म्हणजे तिच्या पुढच्या नवऱ्याच्या, बापाशी ओळख झाली आणि डोंगरातली पोरगी आमच्या काळ्या रानात नांदायला आली. सासरी पहिली काही वर्षं तिला 'डांगाणी' म्हणून हिणवलं गेलं. तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. हातानं दिलं. चाळीस वर्षांत तिनं असं घर उभं केलं की हिणवणाऱ्या बायका आपल्या लेकींना तिच्याकडे शिकायला धाडू लागल्या. त्यांना ती सगळं शिकवायची. एक गोष्ट मात्र तिनं कुणाला शिकवली नव्हती, कारण ती देशावर लागतच नव्हती. कडूकंद.

डोंगरात वेल वाळले की जमिनीतून हा कंद खणतात. बाहेरून केसाळ, आतून पिवळट. तसाच खाल्ला तर घसा सुजतो, माणूस भोवंडतं, जास्त गेला तर मरतं. पण कष्ट घेतले तर तोच कंद पोटभरीचं अन्न होतो. त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, पाणी टाकून पुन्हा उकळायच्या. मग दुरडीत भरून तोंड बांधायचं आणि दुरडी एक रात्र वाहत्या ओढ्यात ठेवायची. वाहत्याच, यावर मनकर्णाबाईच्या आईचा फार कटाक्ष होता. ती म्हणायची, थांबल्या पाण्यात कडू सुटतं, पण जातं कुठं? फिरून कंदातच मुरतं. शेवटी एक चकती हाताच्या आतल्या बाजूला घासून बघायची, खाजलं तर टाकून द्यायचं. नाही खाजलं, तर जिनं रांधलं तिनं नखाएवढा तुकडा आधी खायचा आणि उंबऱ्यावरची सावली वीतभर सरकेपर्यंत घरातल्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

डोंगरात महाशिवरात्रीच्या उपासाला हे कंद लागतातच. आईच्या हाताखाली मनकर्णा ते सगळं शिकली होती.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही तो तोंडदेखलाच आला होता. आमच्याकडे पाट आहे, भंडारदऱ्याचं पाणी त्यातून खाली येतं, म्हणून आम्ही स्वतःला सुखी समजायचो. पण धरणच खाली गेलं तिथं पाट काय करणार! दिवाळीनंतर तो कोरडा पडला. त्याच्या तळाला भेगा गेल्या आणि त्या भेगांत सकाळी मेलेल्या चिमण्या सापडू लागल्या. गावात आवाज कमी झाला. कुत्री भुंकेनात. विहिरीत बादली सोडली की बराच वेळ काही ऐकू यायचं नाही आणि मग खडकावर आपटल्याचा आवाज यायचा.

माणसं पाझर तलावाच्या कामाला गेली. सहादेव आणि त्याचा मुलगा गोरक्षनाथ दोघंही तिथं खडी फोडत. सरकारनं लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेला जोंधळा, दिला, कामावर सुकडीचं शिजवलेलं पौष्टिक पीठ वाटलं. सगळ्या गावानं ते खाल्लं. मनकर्णाबाईनं घरात येऊ दिलं नाही.

तिची सून चांगुणा तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. जमिनीतल्या पेवातला जोंधळा तळाला गेलेला. मनकर्णाबाई त्यात चिंचोके दळून घाली, तरवट्याचं बी भाजून घाली, आणि त्या पिठाची भाकर थापताना तिचा चेहरा लढाईवरच्या माणसासारखा दिसे. चांगुणाच्या गालांची हाडं वर आली होती.

"आत्याबाई," एकदा ती धीर करून म्हणाली, "बायडाकाकू म्हणत हुत्या, पोटुशी बाईला सुकडी जास्तीची देत्यात. मी जाऊन आणू का?"

"कुणी शिजीवली, कशात शिजीवली, ठावं हाय तुला?"

"समदं गाव खातंय की."

"गाव खाईना का. माझ्या घरात आजवर कुणी दुसऱ्याच्या हातचं खाऊन जगलं न्हाई. तुझ्या पोटातलं बी माझ्याच हातचं खाऊन वाढंल."

शेजारची बायडाबाई भिंतीपलीकडून ऐकत होती. तिची जीभ तिखट. "अगं मनकर्णे, पोर तुझ्या हाताचं न्हाई, सुनंच्या पोटाचं हाय! जरा तिला बी इचार."

"तू तुझा लाल मिलो खा आन् लाल हो," मनकर्णाबाई म्हणाली आणि जात्याला बसली.

माघ सरत आला तेव्हा पेव रिकामं झालं. तिनं आत उतरून हातानं तळ झाडून घेतला. बाहेर आली ती म्हणाली, "मी माह्यारी जाऊन येते. शिवरातीला कंद आणते. गल्लीतल्या घरटी वाटीन, बघा."

एसटीनं राजूरपर्यंत आणि तिथून पायी ती डोंगरात गेली. आई कधीच गेली होती. भाऊ कामावर होता, घरी भावजय कडूबाई होती. नणंदेला बघून ती गहिवरली, पण कुदळ मागितल्यावर जागची हलली नाही.

"वन्सं, यंदा वाडीत कुणी बी कंद खणले न्हाईत."

"का गं?"

"वढा आटला. धुवायचे कुठं? मागल्या अमुशेला खालच्या वाडीत एका म्हातारीनं डबक्यात धुतले आन् खाल्ले. दोन दिस तिला माणूस वळखू यीना."

"आमच्याकडं पाट हाय," मनकर्णाबाई म्हणाली. "शिवरातीच्या आदल्या दिशी प्यायाचं पाणी सोडणारेत, दवंडी झालीया. तुमच्याच धरनाचं पाणी. हितून निघतं आन् माझ्या दारावरनं जातं."

कडूबाई आत गेली. तिनं कुदळ काढून दिली आणि तिच्याबरोबर गेली नाही. मनकर्णाबाईनं एकटीनं उन्हात दोन दिवस खणलं. पोतं पाठीवर घेऊन ती घरी आली तेव्हा तिचं लुगडं पाठीला चिकटून वाळलं होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी खरंच पाणी सुटलं. तीन महिन्यांनी पाटात पाणी आलं, तेव्हा माणसं काठावर नुसती उभी राहिली. दवंडी तीन दिवसांची होती. मनकर्णाबाईनं सकाळपासून चकत्या केल्या, तीन वेळा राखेत उकळल्या. टाकलेलं पाणी अंगणात वाहत शेळीपुढं गेलं. शेळी दोन दिवसांची तहानलेली. तिनं नाक लावलं आणि मान फिरवून ती खुंट्याला पार ताण देऊन लांब उभी राहिली. चांगुणानं ते पाहिलं. सांगावं की नाही या विचारात ती राहिली आणि सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी मनकर्णाबाईनं दोन दुरड्या पाटावरच्या मोरीखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, बांधल्या. जागा तिनं हेरली होती. मोरीखाली तळ खोल होता, पाणी तिथं भरून वाहायचं. दोर तिचेच, गाठी तिच्याच. दुरडीत हात घालून तिनं पाण्याची ओढ बघितली आणि तिला बरं वाटलं. माहेरचं पाणी बोटांतून जात होतं.

पहाटे ती दुरड्या काढायला गेली तेव्हा उजाडायचं होतं. मोरीखाली पाणी होतं, दुरड्या बुडालेल्या होत्या. पण काठावर ओलाव्याची रेघ हातभर वर दिसत होती आणि पाणी खाली होतं. ते तिला दिसलं. पाण्याचा आवाजही येत नव्हता. तिला वाटलं, गावानं हांडे भरले, जनावरं प्याली, पातळी उतरणारच. विचारायला पाटाची दारं राखणारा पाटकरी कुठं जवळ नव्हता, पण त्याचं घर काही परमुलखात नव्हतं. ती गेली नाही. घरटी कंद वाटीन असं ती बोलून बसली होती, आणि आज शिवरात्र होती.

तिचा उपास निर्जळी असे. संध्याकाळची पूजा होईपर्यंत ती थेंब घेत नसे, मग नखाएवढा तुकडा खाणं आलंच कुठून! घरी येऊन तिनं कंद पुन्हा शिजवले, मीठ घातलं आणि एक चकती हाताच्या आतल्या बाजूला घासली. थोडा वेळ थांबली. काही खाजलं नाही. त्या कमावलेल्या कातड्याला घायपात कळत नव्हता, त्याला कंद काय कळणार? पण हा विचार तिला शिवला नाही. चाळीस वर्षांत त्या हातांनी तिला कधी फसवलं नव्हतं.

सहादेव आणि गोरक्षनाथ न्याहारीविना कामावर गेले, त्यांचाही उपास. गल्लीत वाटायच्या वाट्या तिनं ओळीनं मांडून ठेवल्या. देवाला दाखवल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. चांगुणाला मात्र पोटुशी म्हणून उपास नव्हता. ऊन डोक्यावर आलं तशी ती चुलीपाशी येऊन बसली.

"घे," मनकर्णाबाईनं थाळी पुढं केली.

"तुमी चाखलं का, आत्याबाई?"

"माझा निर्जळी हाय, ठावं न्हाई तुला? हाताला लावून बघितलंय."

चांगुणानं एक चकती तोंडात घातली. हळूहळू चावली. "जरा कडू लागतंय."

"कडूकंदच हाय त्यो. तुला काय गुळाचा गणपती वाटला?"

चांगुणा कसनुसं हसली. भूक होतीच. थाळी तिनं अर्धी संपवली. मनकर्णाबाई समोर बसून बघत होती. कित्येक दिवसांत सुनेनं पोटभर काही खाल्लं नव्हतं, आणि ते बघताना तिच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

तेवढ्यात बाहेर सायकल थांबली. छगन पाटकरी, वाटेनं चाललेला. तो ओट्यावर टेकला.

"मावशे, घोटभर पाणी दे. आन् त्या मोरीखालच्या दुरड्या तुझ्याच का गं?"

"माझ्याच. का रं?"

"सकाळच्याला न्हाईशा झाल्या, म्हणलं चोरानं नेल्या का काय. गाठीवरनं वळखल्या मी. म्हणलं, म्हातारी येडी झाली, बंद पाटात दुरड्या भिजत घालून बसली."

मनकर्णाबाईच्या हातात तांब्या होता. "बंद?"

"तर! वरनं सांगावा आला, पाणी पुरत न्हाई. काल दिवेलागणीलाच दार पाडलं मी. मोरीखालचं त्ये नुसतं साठलेलं डबकं."

तांब्या तिनं खाली ठेवला, पण तो नीट टेकला नाही, आडवा झाला. त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडे बघत राहणारी माणसं होती. तिनं बघितलं नाही. ती आत धावली.

चांगुणा भिंतीला टेकून बसली होती. "आत्याबाई, घशात काय तरी टोचतंय," ती म्हणाली. शब्द जाड येत होते.

मनकर्णाबाईनं मिठाचं पाणी केलं आणि तिच्या तोंडाला लावलं. बोटं घातली. थोडं ओकलं, थोडं नाही. चांगुणाचे डोळे एका जागी ठरेनात. ओठ सुजले. तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते आणि ते सोडवता येत नव्हते. बायडाबाई हाका ऐकून आली, तिनं मांडलेल्या वाट्या पाहिल्या, सुनेला पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती काही टोचून बोलली नाही. "छगन, गाडी जुंप," एवढंच म्हणाली. "तळ्याच्या कामावर आज डॉक्टरीणबाई आलीया. जीप हाय तिच्याकडं."

अर्धा कोस रस्ता. बैलांची हाडं दिसत होती, ती पळेनात. मनकर्णाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या पोटाकडे बघत होती. हालचाल काही दिसत नव्हती.

कामावर सुकडीची रांग लागली होती. उपास नसलेली, उपास परवडत नसलेली सगळी माणसं. गाडी आली तशी रांग मोडली आणि भोवती कडं झालं. गोरक्षनाथ घण टाकून धावत आला. डॉक्टरीणबाईनं चांगुणाचे डोळे उघडून पाहिले, नाडी पाहिली.

"काय खाल्लंय हिनं?"

गोरक्षनाथनं आईकडे पाहिलं. सहादेव पुढं झाला. "ऊन लागलं असंल, बाई. उपाशी हुती."

"मला नीट सांगा. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. नाहीतर मी औषध कशावर देऊ?"

"घरचंच..." गोरक्षनाथ पुटपुटला. "घरचंच काय तरी."

सहादेवनं बायकोचा हात दाबला. तो दाब काय सांगत होता ते तिला कळत होतं. उद्या चौकशी होईल, जबाब होईल, आणि या गावात मनकर्णाच्या हातावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. तिच्या चाळीस वर्षांच्या घराचा सगळा डोलारा त्या हातावर उभा होता. भोवती उभ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. साबणाच्या वड्या लपवणाऱ्या बायका.

"कडूकंद," मनकर्णाबाई म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "अर्धी थाळी. ऊन डोईवर आलं तवा. मी रांधलं. साठल्या पाण्यात भिजलेलं. पाणी उतरल्यालं मी बघितलं हुतं आन् कुणाला इचारलं न्हाई. मी आधी चाखलं बी न्हाई. माझ्या हातानं तिला वाढलं."

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग तिला वेळ नव्हता. नळी, पिचकारी, कोळशाची पूड कालवलेलं पाणी. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. दिवस कलायला लागला तेव्हा जीप चांगुणाला घेऊन दवाखान्याकडे निघाली. जाताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "सून वाचेल. पोटातल्याचं आज काही सांगता येणार नाही. हालचाल होते का, लक्ष ठेवा."

मनकर्णाबाई घरी आली. वाट्यांतले कंद तिनं लांब माळावर नेऊन खोल पुरले, वर दगड रचले.

तिसऱ्या दिवशी चांगुणा परत आली. चालत आली, पण कुणाचा हात धरून. ती मधल्या खोलीत निजून असे. बायडाबाई तिला आपल्या घरून ताट आणून देई. मनकर्णाबाई चुलीकडे फिरकली नाही. ती ओट्यावर बसे, वाख पुढ्यात, दोर वळलेला नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ती आतल्या दाराशी येऊन उभी राही आणि विचारी, "हाललं का गं?"

चांगुणा भिंतीकडे तोंड करी.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. गल्लीत कुजबूज सुरू झाली. गोरक्षनाथही आईशी बोलत नव्हता. सहादेव बोले, पण त्याला काही ठाऊक नव्हतं. ती बायडाबाईला विचारायला गेली तर बायडाबाई म्हणाली, "तिलाच इचार. माझ्या तोंडावर तिनं हात ठिवलाय." एवढं बोलून तिनं दार लोटलं. त्यातून चांगलं समजावं की वाईट, हे मनकर्णाबाईला ठरवता आलं नाही. तिनं दोन्ही समजून बघितलं. तिला झोप येत नसे. तिनं अन्न सोडल्यासारखंच होतं. गाव म्हणू लागलं की हिची तिरडी सुनेच्या बाळंतपणाआधी निघेल.

आठव्या दिवशी चांगुणा उठली. भिंतीला धरत चुलीपाशी आली. कित्येक दिवसांनी त्या घरात धूर झाला. तिनं बायडाबाईकडून पीठ आणलं होतं. लाल पीठ. ते थापताना फुटत होतं, तरी तिनं दोन भाकरी केल्या, एका ताटलीत घातल्या, चिमूटभर मीठ ठेवलं आणि ओट्यावर आली.

मनकर्णाबाईनं वर पाहिलं. ताटलीकडे नाही, सुनेच्या तोंडाकडे. "हाललं का गं?"

"जेवा," चांगुणा म्हणाली.

"चांगुणे, हाललं का तेवढं सांग."

"आधी जेवा. समदं."

मनकर्णाबाईनं भाकरीकडे पाहिलं. सरकारी मिलोची, शेजारणीच्या पिठाची, सुनेच्या हातची भाकर. तिनं तुकडा मोडला. तो तिच्या तोंडात फिरत राहिला, उतरेना. तिनं उतरवला. दुसरा मोडला. गल्लीतून जाणारी माणसं थबकत होती आणि चांगुणा दाराच्या चौकटीला टेकून तिचं खाणं बघत होती, घास न् घास, नजर न काढता. एक भाकर संपली. दुसरी संपली. मनकर्णाबाईनं बोटानं ताटलीतलं मीठसुद्धा पुसून खाल्लं आणि रिकामी ताटली सुनेपुढं धरली.

चांगुणानं ताटली घेतली.

"दवाखान्यातच हाललं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशीच."

आणि ती आत गेली. पोर वैशाखात झालं, मुलगी, नीट हातापायांची. त्यानंतर मनकर्णाबाई बारा वर्षं जगली. दोर वळले, केरसुण्या बांधल्या, नातीला गोधडी शिवली. चुलीला मात्र तिनं हात लावला नाही, आणि चांगुणानं एकदाही तिला लाव म्हटलं नाही.